शिट्टी वाजल्यानंतरचा राग



चाळीस-बेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून जे सुचले ते बोललो. आता पंचाहत्तरी जवळ आली. आवाज बसला, गुडघे बोलू लागले, म्हणून गादी तरुणांच्या हाती दिली आणि मोताळा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात नेमाचा हरिपाठ धरून बसलो आहे. अशा माणसाने फुटबॉलच्या सामन्यावर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. मलाही वाटते. पण त्या सामन्याने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला पोथीत नव्हे, माझ्याच एका जुन्या पापात सापडले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

२० डिसेंबर २०२३ची रात्र. मोक्षदा एकादशी दोन-तीन दिवसांवर आली होती. गीताजयंतीला गावात चार शब्द बोलायचे ठरले होते, म्हणून मी दुसरा अध्याय उघडून बसलो होतो. शेजारी मुलीचा मुलगा मोबाईलवर सामना पाहत होता. कॉलेजात तो फुटबॉल खेळतो. मधूनच तो ‘अरे, अरे!’ म्हणून ओरडायचा. दोन-तीनदा दटावले, पण पोरगा काही ऐकेना. शेवटी चष्मा पुसून मीच त्याच्या मोबाईलमध्ये डोकावलो.

सामना मुंबईचा होता. अंधेरीच्या क्रीडासंकुलातले मैदान, इंडियन सुपर लीग नावाची देशातली मोठी व्यावसायिक स्पर्धा, एका बाजूला मुंबई सिटी आणि दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहन बागान. या खेळात पंचाजवळ दोन रंगांची कार्डे असतात. पिवळे म्हणजे ताकीद. लाल म्हणजे मैदानाबाहेर. ज्याला लाल कार्ड मिळाले त्याच्या जागी दुसरा गडी घेता येत नाही. उरलेल्यांनी तेवढ्यावर निभवायचे. एखाद्या सामन्यात एक लाल कार्ड निघाले तरी दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होते, असे नातवाने सांगितले. त्या रात्री लाल कार्डे निघाली सात!

पहिल्या पाव तासातच मुंबईचा एक गडी गेला. मोहन बागानने पहिला गोल केला, मध्यंतराआधी मुंबईने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर थोड्याच मिनिटांच्या अंतराने मोहन बागानचे दोघे बाहेर गेले. पुढे बिपिन सिंग या खेळाडूने मुंबईचा दुसरा गोल केला आणि शेवटी शेवटी मुंबईचा आणखी एक गडी गेला. अशी चार कार्डे झाली. मग पंचाने शेवटची शिट्टी वाजवली. सामना संपला. मुंबई दोन विरुद्ध एक अशी जिंकली.

माउली, खरी गोष्ट येथून पुढे आहे. शिट्टी वाजल्यानंतर दोन्ही संघांची मुले एकमेकांच्या अंगावर गेली. ढकलाढकली झाली. या खेळात असा नियम आहे, की शिट्टी झाली तरी पंच मैदानातून निघेपर्यंत त्याचा अधिकार चालतो. त्याने उरलेली तीन कार्डे तेव्हा दाखवली. दोन मुंबईच्या गड्यांना, एक मोहन बागानच्या. एकूण हिशेब झाला, जिंकलेल्यांची चार आणि हरलेल्यांची तीन.

नातवाने मोबाईल खाली ठेवला आणि मला विचारले, “आबा, हे तर जिंकले ना? मग आता मारामारी कशाची?”

जन्मभर लोकांच्या शंकांचे समाधान करणारा मी. मला उत्तर आले नाही. “झोप आता,” एवढेच म्हणालो. पण झोप मलाच लागली नाही.

प्रथम खेळाडूंच्या बाजूचे बोलू. ती तरुण मुले आहेत, कोणाकोणाची लेकरे आहेत, म्हणून ज्यांना लाल कार्डे मिळाली त्यांची नावे मी येथे घेत नाही. दीड तास धावून रक्त तापलेले असते. खेळताना पायाला पाय लागतो, ढोपर बसते. राग येणारच. ज्याला राग येत नाही तो एक तर संत, नाही तर दगड. आणि आपण संत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, पंचानेच नीट आवरले नाही. हेही पाहू. ही कार्डे कोठून आली, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६२ साली चिली देशात विश्वचषक भरला होता. चिली विरुद्ध इटली असा सामना झाला. केन अ‍ॅस्टन नावाचे इंग्रज पंच होते, पेशाने शाळामास्तर. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्यांनी इटलीच्या एका गड्याला बाहेर काढले. तो जाईना! पोलिसांनी मैदानात येऊन त्याला नेले. पुढे ठोसे चालले, एकाच्या नाकाचे हाड मोडले. चार वर्षांनी लंडनला इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यात सामना झाला. जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कप्तानाला बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येत नाही, कप्तान हलायला तयार नाही, अशी पंचाईत झाली. त्या स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी अ‍ॅस्टन मास्तरांकडे होती. घरी परतताना चौकातल्या सिग्नलवर त्यांची गाडी थांबली. पिवळा दिवा, मग लाल दिवा. मास्तरांना वाटले, हीच भाषा सगळ्या देशांना कळेल! १९७०च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून पिवळी आणि लाल कार्डे मैदानावर आली.

शहाण्या माणसाने केलेली सोय आहे, मी तिला नावे ठेवत नाही. कायदा नसता तर काय झाले असते, याची कल्पनाही नको. पण कायद्याचा हात कोठवर पोचतो ते पाहा. लाल कार्ड माणसाला मैदानाबाहेर काढते. माणसाच्या आतून रागाला बाहेर काढणारे कार्ड अजून कोणा मास्तराला सापडलेले नाही.

आणि तो राग एकट्याचा राहत नाही. वाळल्या गवताला ठिणगी लागावी तसा पसरतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे जुने प्रतिस्पर्धी समोरासमोर होते. मैदानात गड्यांची धसमुसळ झाली आणि तिचा वणवा प्रेक्षकांत गेला. पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली. १६ माणसे सामना पाहायला गेली ती घरी परतली नाहीत. बंगालमध्ये त्या तारखेला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान करतात. रागाने सांडलेल्या रक्ताची आठवण रक्त देऊन ठेवायची, ही रीत मला फार मोलाची वाटली.

आता खरा पूर्वपक्ष घेऊ. तुमच्यातला एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, “महाराज, राग वाईटच असे सरसकट कसे म्हणता? तुकोबारायांनी दांभिकांना काय थोडे झोडपले? भगवंतांनी अर्जुनाला युद्धच कर म्हणून सांगितले ना?” शंका खरी आहे. याच मोहन बागानची दुसरी एक गोष्ट आहे. १९११ साली या संघाने इंग्रजांच्या पलटणीच्या संघाला अंतिम सामन्यात हरवले. तेव्हाही गोल दोनास एकच होते. पलटणीच्या पायांत बूट, आपली बहुतेक मुले अनवाणी. वारीत अनवाणी चालणाऱ्याला अनवाणी पायावर बूट पडला की काय होते ते सांगायला नको. त्या मुलांना राग आला नसेल का? आला असेल. पण तो पायांत उतरला असेल, चेंडूच्या मागे धावला असेल, असे मला वाटते. अशा रागाला मी पाप म्हणणार नाही.

मग पुण्याचा राग कोणता आणि पापाचा कोणता, हे ओळखायचे कसे?

काल्याच्या कीर्तनात आपण चेंडूची कथा सांगतो. गोपाळांचा खेळ रंगला, चेंडू यमुनेच्या डोहात गेला, तो काढायला भगवंत डोहात उतरले. तेथे काळिया. त्याच्या विषाने पाणी नासले होते, गाईगुरे मरत होती. भगवंतांनी त्याच्या फण्यांवर नाचून त्याला जेरीस आणले. पण कथेचा शेवट आपण घाईत सांगतो. कारण तोवर हंडीकडे लोकांचे डोळे लागलेले असतात. शेवट असा आहे, की नागाच्या बायका शरण आल्या आणि भगवंतांनी काळियाला मारले नाही. ‘हा डोह सोड, समुद्रात जा’ एवढेच सांगितले. म्हणजे बाहेर काढणे येथेही आहे. पण त्याला ज्या गरुडाची भीती होती, त्या गरुडापासून अभय मिळावे म्हणून स्वतःच्या पावलांची खूण त्याच्या माथ्यावर राहू दिली. ज्याला शिक्षा केली त्याचीच पुढची काळजी वाहिली. डोह स्वच्छ झाला, काम संपले, त्याबरोबर क्रोधही संपला.

माझ्या अल्पमतीला यातून एक कसोटी सापडते. काम संपल्यावर राग संपतो का, ते पाहावे. संपला, तर तो कामासाठी आला होता. उरला, तर तो ‘मी’साठी आला होता. अर्जुनाला युद्ध कर म्हणताना भगवंत तिसऱ्या अध्यायात ज्वर टाकून युद्ध कर म्हणतात. बाण सोडायचा, ताप धरायचा नाही.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. शिट्टी वाजेपर्यंत मुले चेंडूसाठी भांडत होती. शिट्टी वाजली आणि चेंडूला किंमत राहिली नाही. त्यानंतर जे भांडण झाले त्याला ना गोल, ना गुण, ना बक्षीस. जिंकलेल्यालाही ते आवरले नाही. म्हणजे विजयाने ज्याचे पोट भरत नाही असे काही तरी आत बसलेले होते. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी क्रोधाची वंशावळ दिली आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतीचा भ्रंश. स्मृती गेली म्हणजे काय, हे मी इतकी वर्षे सांगत आलो, पण त्या रात्री डोळ्यांनी पाहिले. खेळ संपला आहे, एवढी साधी गोष्ट त्या मुलांच्या आठवणीत राहिली नव्हती.

माउली, ‘ते खेळाडू तसलेच’ म्हणून आपण सुटू नये. वारीत आपल्यालाही राग येतो. दिंडीच्या क्रमावरून, पाण्याच्या टँकरवरून, तंबूच्या जागेवरून आलेला पाहिला आहे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी सोय करून ठेवली. माउलींचा सोहळा तळावर पोचला की समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतो आणि तो सारा गजर एका क्षणात थांबतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, निवाडा होतो. मग आरती.

यातली खुबी पाहा. तक्रार करू नका, असे कोणी म्हणत नाही. उलट सगळा समाज गप्प उभा राहून तुमच्या तक्रारीचे टाळ ऐकतो. पण ते टाळ आरतीच्या आधी वाजवायचे. आरती झाल्यावर उरतो तो नमस्कार. लहानथोर, जातपात न पाहता एकमेकांच्या पाया पडायचे. फुटबॉलमध्येही शिट्टीनंतर हात मिळवण्याची रीत आहे. त्या रात्री नेमक्या त्याच वेळी कार्डे निघाली, हे मला बोचले. आणि बोचण्याचे कारण आता सांगतो.

१९९५ साली चिखली तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. काल्याचे कीर्तन माझे. मृदंगावर एक गृहस्थ होते, वयाने माझ्याहून थोडे मोठे, शेतकरी माणूस. चाल रंगात आली आणि त्यांचा ठेका सुटला. टाळकरी एकीकडे, मी एकीकडे. मांडवात मागे कोणी तरी हसले. मी मृदंगाकडे एक नजर टाकली. तेथवर ठीक होते. कीर्तन सावरायचे होते. पुढे ते सावरलेही. हंडी फुटली, आरती झाली, काला वाटला. लोक एकमेकांच्या पाया पडू लागले. ते गृहस्थ माझ्याकडे आले आणि वाकले. मी पाय मागे घेतले आणि म्हणालो, “आधी हाताला वळण लावा, मग पायाला हात लावा.”

शब्दाला शब्द छान जुळला होता. भोवतीची माणसे हसली. मलाही आपल्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले. ते काही बोलले नाहीत. मृदंगाला गवसणी घातली, खांद्याला लावला आणि निघून गेले. पुढे मला कळले, की सप्ताहाला येणारे दुसरे वादक आलेच नव्हते आणि या माणसाने तीन रात्री जागून एकट्याने मृदंग सांभाळला होता. हे कळल्यावरही मी गेलो नाही. मनात एकच धरून बसलो, ठेका तर त्यांचाच सुटला होता ना! चूक त्यांची, मग मी का जावे? असे करता करता २८ वर्षे गेली. या काळात मी क्रोधावर किती कीर्तने केली असतील, त्याची गणती नाही.

दरवर्षी मुक्ताबाईंची पालखी आमच्या मोताळ्यावरून जाते, राजूरचा घाट चढते, बुलढाण्याला जाते आणि पुढे चिखलीच्या वाटेला लागते. घाटाच्या पायथ्याशी मी तिला कितीदा सामोरा गेलो आहे. ताटीच्या अभंगांची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. कोणी अपमान केला, ज्ञानोबांनी झोपडीचे दार लावून घेतले आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून विनवू लागली. त्या कथेत मला आता एक गोष्ट दिसते, जी कीर्तनात कधी दिसली नाही. अपमान कोणी केला, चूक कोणाची होती, याचा निवाडा करायला मुक्ताई बसली नाही. दादा निर्दोष होते, हे तिला ठाऊक होते. तरीही तिने दार उघडायला सांगितले ते दादांनाच. कारण चूक बाहेरची असली तरी ताटी आतून लावलेली असते.

एकादशी सोडून बारस झाल्यावर नातवाला म्हटले, गाडी काढ. चिखलीकडे निघालो. ते घरीच होते, ओसरीवर बसलेले. हात कापतात, कमी ऐकू येते. मला ओळखायला थोडा वेळ लागला. ओळखले, तसे भिंतीला धरून उठले आणि मी वाकण्याआधीच माझ्या पायाशी वाकले. मी या वेळी पाय मागे घेतले नाहीत. मग मी खाली बसून त्यांचे दोन्ही हात माझ्या कपाळाला लावले. मला बोलता येईना. तेच म्हणाले, “महाराज, त्या दिशी ठेका माह्याच हातून सुटला व्हता.”

म्हणजे त्यांनाही तो दिवस आठवत होता. २८ वर्षे मी ‘चूक त्यांची’ म्हणून धरून बसलो होतो आणि ते ‘चूक माझी’ म्हणून. बिनचूक असलेला माणूस मी! मग जड ओझे कोणाच्या डोक्यावर होते, हे तुम्हीच ठरवा.

परत येताना नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबा, तुमची शिट्टी लईच उशिरा वाजली.” मी म्हणालो, “बाळा, शिट्टी वेळेवरच वाजली होती. मलाच ऐकू आली नाही.”

माउली, तुमच्याही मनात एखादा सामना अजून चालू असेल. भावाशी बांधाच्या वादाचा असेल, विहिणीशी मानपानाचा असेल, दिंडीतल्या एखाद्या विणेकऱ्याशी असेल. निकाल कधीच लागलेला असतो; कोणी जिंकलेले असते, कोणी हरलेले. चूक समोरच्याचीही असेल. तरी आज हरिपाठ झाल्यावर घडीभर थांबा आणि कान देऊन ऐका. शिट्टी वाजून गेली असेल, तर उठा आणि ज्याच्या पाया पडायचे राहिले आहे त्याच्याकडे जा. माणूस हयात असेपर्यंत वाट मोकळी आहे.

राम कृष्ण हरि.